साईड

१९८९ साली केंद्र सरकारने रस्त्यावर गाडी कशी चालवायची याची एक नियमावली काढली. नाव ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’. ओव्हरटेक कधी करू नये, याची त्यात चार कारणं आहेत. इतरांना त्रास किंवा धोका होणार असेल तर करू नये. वळण, चढ किंवा कसल्याही आडोशामुळे पुढचा रस्ता दिसत नसेल तर करू नये. मागच्याने आपल्याला ओव्हरटेक करायला आधीच सुरुवात केली असेल तर करू नये. ही तीन कुणालाही सुचतील. चौथं मात्र मी दोनदा वाचलं: पुढच्या गाडीच्या चालकाने ‘तुम्ही जाऊ शकता’ अशी खूण केली नसेल, तर करू नये.

म्हणजे आपल्या देशात ओव्हरटेक करायला कायद्याने परवानगी लागत होती. आरटीओची नाही, पुढच्या माणसाची. आणि ही काही बैलगाडीच्या जमान्यातली गोष्ट नाही. २०१७ साली नवी नियमावली येईपर्यंत हीच लागू होती. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी लायसन काढलं तेव्हा कागदोपत्री नियम हाच होता. आम्हाला तो कुणी सांगितला नाही, ही वेगळी गोष्ट.

पण हा नियम पुस्तकात नसता तरी आपल्या भाषेत होताच. आपण काय म्हणतो बघा. ‘साईड माग.’ ‘साईड दिली त्याने.’ ‘केव्हाचा हॉर्न देतोय, साईडच देत नाही.’ इंग्रजीत ओव्हरटेक करणारा एकटाच असतो, क्रियापद त्याच्या एकट्याचं. मराठीत (आणि हिंदीतही) एक मागणारा लागतो आणि एक देणारा. दोघांचं जमलं तरच वाक्य पूर्ण होतं. न मागता घुसला तर त्याला वेगळा शब्द आहे, ‘कट मारला’, आणि तो कौतुकाने क्वचितच उच्चारला जातो. निदान तिशीनंतर तरी.

हा शब्द आला कुठून, याचा माझा अंदाज साधा आहे: रस्त्याच्या रुंदीतून.

एकपदरी डांबरी रस्ता म्हणजे पावणेचार मीटर. ट्रक असतो साधारण अडीच मीटर रुंद. दोन ट्रक शेजारी शेजारी यायचे तर पाच मीटर तर नुसते ट्रकच झाले. त्यामुळे एकाला डावीकडची दोन चाकं डांबरावरून खाली, साईडपट्टीवर उतरवावीच लागतात. उन्हाळ्यात ठीक आहे, धुरळा उडतो एवढंच. पण विदर्भातल्या काळ्या मातीत, जुलैच्या पावसात, माल भरलेल्या ट्रकची दोन चाकं खाली उतरवणं म्हणजे काय हे ज्याने उतरवली त्यालाच विचारा. चाक रुतलं की दिवस गेला. साईड देणारा खरोखर काहीतरी देत होता. म्हणून ती मागावी लागायची, आणि मिळाली की पुढे गेल्यावर एक छोटासा हॉर्न वाजवून आभार मानायचे.

नागपूरचा या रुंदीशी थेट संबंध आहे. तो नागपुरातही फार कुणाला माहीत नसतो, आणि सिव्हिलवाले मित्र तो फक्त परीक्षेपुरता पाठ करतात. १९२७ साली मुकुंद रामराव जयकर (हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले) यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांसाठी एक समिती नेमली गेली. मोटारी वाढत होत्या, रस्ते उखडत होते, आणि प्रांतांकडे पैसा नव्हता. जयकर समितीने सांगितलं, पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर लावा आणि तो रस्त्यांवर खर्च करा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था. मग डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, सगळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही आज आपण सहज वापरतो ती उतरंड या बैठकीतून आली. वीस वर्षांचा आराखडा ठरला. दर शंभर चौरस किलोमीटरला सोळा किलोमीटर रस्ता, हे लक्ष्य होतं. अभ्यासक्रमात याचं नाव आजही ‘नागपूर प्लॅन’ आहे.

तो आराखडा मुदतीच्या दोनेक वर्षं आधीच, १९६१ च्या सुमारास, पूर्ण झाला. सरकारी आराखड्याबद्दल असं वाक्य लिहिताना जरा विचित्र वाटतं, पण झालं खरं. फक्त लक्ष्य किलोमीटरमध्ये होतं, म्हणजे लांबीत. रस्ता गावापर्यंत पोचवायचा होता, आणि त्या काळी तेच बरोबर होतं. पण राष्ट्रीय महामार्ग म्हणून नकाशावर जाड रेघेने दाखवलेल्या रस्त्यांचेही कित्येक तुकडे पुढची अनेक वर्षं एकपदरीच राहिले. लांबी कायद्याने वाढली, रुंदीची उणीव माणसांनी एकमेकांना साईड देऊन भरून काढली.

आम्ही इतवारीचे. इथे रुंदीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि सुटेल असं कुणाला वाटतही नाही. किराणा ओळ, लोहा ओळ, सराफा, मस्कासाथ: विदर्भाचा घाऊक बाजार या गल्ल्यांत बसलाय, आणि गल्ल्या मात्र ट्रक नावाची वस्तू जन्माला यायच्या आधीच्या आहेत. इथे हातठेला, ई-रिक्षा, छोटा हत्ती, गोण्या लादलेली मोपेड आणि सोनं घ्यायला आलेलं अख्खं कुटुंब एकाच वेळी एकाच फटीतून जातं. पाठीवर पोतं घेतलेला हमाल ‘बाजू, बाजू’ ओरडत येतो आणि बुलेटवाला निमूट पाय टेकून थांबतो. बाहेरच्याला हा गोंधळ वाटतो, पण त्यात एक पक्का नियम आहे: ज्याच्यावर ओझं, वाट त्याची. रिकाम्याने थांबायचं.

गंमत म्हणजे हाच नियम कायद्यातही आहे, फक्त घाटासाठी. अरुंद घाटात समोरासमोर आले तर उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. चढणाऱ्याचं इंजिन ओझ्याशी झगडत असतं, तो थांबला तर त्याला परत निघणं अवघड. इतवारीतल्या हमालाने ही नियमावली वाचलेली नाही आणि नियमावली लिहिणारा बहुधा इतवारीत आला नसेल. दोघे एकाच उत्तरावर पोचले.

आता हॉर्नकडे येऊ.

‘आपल्या लोकांना हॉर्न वाजवायची सवयच घाणेरडी’ हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल, विशेषतः नुकत्याच परदेशातून आलेल्या माणसाकडून. ब्रिटनची पहिली ‘हायवे कोड’ पुस्तिका १९३१ साली निघाली, किंमत एक पेनी. तिच्यात आरशाचा उल्लेखसुद्धा नव्हता. ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवा, असा सल्ला मात्र होता. आणि पुस्तिकेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग हाताच्या खुणांनी भरला होता. म्हणजे ब्रिटिश माणूसही तेव्हा हेच करत होता: मागच्याने हॉर्न द्यायचा, पुढच्याने हात बाहेर काढायचा. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, त्यालाही हातांच्या खुणांचं एक परिशिष्ट जोडलेलं होतं. त्यांच्याकडे आरसे आले, रस्ते रुंद झाले आणि हॉर्न गप्प झाला. आपल्याकडे आरसे आले, पण माल बांधताना ते आत दुमडले जात राहिले, रस्ते अरुंदच राहिले, आणि ट्रकच्या मागे रंगाऱ्याने लिहिलं: हॉर्न ओके प्लीज.

त्यातलं ‘ओके’ कशासाठी, यावर इंटरनेटवर तीन गोष्टी फिरतात. महायुद्धात डिझेल मिळेना म्हणून ट्रक केरोसीनवर चालायचे आणि ‘ऑन केरोसीन’ असा इशारा मागे लिहायचे. किंवा टाटांच्या ओके साबणाची ती जाहिरात होती. किंवा ‘ओके’ या अक्षरांवर एक दिवा असायचा आणि पुढचा रस्ता मोकळा असेल तर चालक तो लावायचा. तिन्ही गोष्टी लोक अगदी ठामपणे सांगतात. मला तिसरी आवडते, खरी आहे म्हणून नाही, तर ती खरी असायला हवी होती म्हणून. का ते पुढे येईलच. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने व्यावसायिक वाहनांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली. कारण ध्वनिप्रदूषण. कारण रास्त आहे. पण मागणाऱ्याचा आवाज बंद करताना देणाऱ्याने आता कसं द्यायचं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

१९८९ च्या नियमावलीत हातांच्या खुणा तपशीलवार आहेत. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर, तळवा पुढे, हात स्थिर. मागच्याला ‘ये’ म्हणायचं असेल तर तोच उजवा हात सरळ बाहेर काढून पुढे-मागे अर्धवर्तुळात झुलवायचा. वेग कमी करायचा असेल तर तळवा खाली करून हात वर-खाली. थांबायचं असेल तर हात कोपरातून उभा. बघा, चार वेगळे निरोप, चार वेगळ्या हालचाली, सगळ्या एकाच हाताने. गोंधळ होणं शक्य नाही.

मग ट्रकला उजवा इंडिकेटर आला. पिवळा, लुकलुकणारा. वळायचं असेल तर उजवा हात, म्हणून उजवा इंडिकेटर. बरोबर. ‘ये’ म्हणायचं असेल तरी उजवाच हात, म्हणून, अं, उजवाच इंडिकेटर.

मी सॉफ्टवेअर लिहितो. हे असं कुणी माझ्याकडे कोड रिव्ह्यूला पाठवलं असतं तर मी परत पाठवलं असतं. हाताच्या भाषेत स्थिर हात आणि झुलता हात हे दोन वेगळे निरोप होते. दिव्याला फक्त चालू आणि बंद कळतं, एकच बिट. दोन निरोप त्या एका बिटमध्ये कोंबले, आणि ते दोन निरोप एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. एकाचा अर्थ ‘माझ्या उजवीकडून ये’. दुसऱ्याचा अर्थ ‘माझ्या उजवीकडे येऊ नकोस, मी तिकडेच वळतोय’. अर्थ चुकला तर एरर मेसेज येत नाही, ट्रक येतो.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, ही माझी जुळवाजुळव आहे. पण हात आणि दिवा शेजारी ठेवून पाहिले की दुसरं स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही. आमच्या गल्लीत एक काका राहतात. चाळीसेक वर्षं ट्रक चालवला, बहुतेक रायपूरच्या बाजूला, भंडारा रोडने बाहेर पडून. सगळे त्यांना अजून उस्तादच म्हणतात. त्यांना मी विचारलं, “काका, पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा नेमका अर्थ काय धरायचा?”

“समोर वळण असंन तं तो वळून राहिला. नसंन तं तुले जा म्हणून राहिला.”

“आणि वळण आहे की नाही तेच दिसत नसेल तर?”

“तं मंग कायले जातं बे पुढं?”

यापेक्षा चांगलं ड्रायव्हिंग मॅन्युअल मी वाचलेलं नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं. पूर्वी गाडीवर क्लिनर असायचाच. तो डाव्या बाजूने डोकं बाहेर काढून बसायचा, मागचं बघायचा, पत्र्यावर थाप मारून उस्तादला सांगायचा. म्हणजे एका ट्रकला दोन माणसांचे डोळे होते. एसटीत कंडक्टरची एक बेल थांबायला आणि डबल बेल निघायला, तसंच हे. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला निघाली तेव्हापासून आजपर्यंत तो दोरीचा प्रोटोकॉल कुणाला बदलावा लागलेला नाही. कारण उघड आहे: दोन निरोप, दोन वेगळे आवाज.

एका बिटचा हा घोळ आपला एकट्याचा नाही. मेक्सिकोत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तिथे ट्रकचा डावा इंडिकेटर ‘ये’ आणि ‘मी वळतोय’ असे दोन्ही अर्थ सांगतो. तिथे जाणाऱ्या पर्यटकांना याबद्दल आवर्जून सावध केलं जातं. आपल्या लाडक्या डिप्परचंही तेच. ब्रिटनमध्ये कुणी हेडलाइट चमकवला तर लोक व्यवहारात ‘तुम्ही आधी जा’ असं समजतात. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, हलू नकोस’. एकच दिवा. लंडनहून आलेला तुमचा भाऊ आणि वर्धा रोडवरचा ट्रक यांच्यात तो काय अनर्थ करेल याची कल्पना करा. २०१५ मध्ये अर्जेंटिनात सॅमसंगने यावर एक महागडा तोडगा दाखवला होता. ट्रकच्या पुढे कॅमेरा आणि मागच्या दारावर मोठ्ठे स्क्रीन, म्हणजे मागच्याला ट्रकच्या आरपार रस्ता दिसतो. व्हिडिओ जगभर फिरला. ट्रक फारसे फिरले नाहीत.

आता जरा आकडे, कारण वेगाबद्दल आपल्या सगळ्यांचा अंदाज फार वाईट असतो. दुपदरी रस्ता आहे, दुभाजक नाही. पुढे ट्रक ताशी ६० ने चाललाय, तुम्ही ८० ने. तुम्हाला वाटतं, वीसने जास्त आहे, सटकन निघू. वीस किलोमीटर प्रतितास म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकची लांबी दहा मीटर, मागे वीस मीटर अंतर, पुढे गेल्यावर वीस मीटर अंतर, तुमची गाडी चार मीटर. एकूण चोपन्न मीटर, साडेपाचच्या चालीने. जवळजवळ दहा सेकंद. या दहा सेकंदांत तुम्ही समोरच्याच्या लेनमध्ये सव्वादोनशे मीटर धावता. समोरून कुणी ८० ने येत असेल तर तोही तेवढाच धावतो. म्हणजे निघताना साडेचारशे मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी ८० साठी हे अंतर ४७० मीटर आहे, ताशी १०० साठी ६४०. आता पुढच्या वेळी ट्रकमागे असाल तेव्हा ४७० मीटर म्हणजे किती, ते डोळ्यांनी मोजून बघा. बहुतेक वेळा तेवढा रस्ता नसतोच. असतो तो ट्रकच्या डाव्या-उजव्या फटीतून दिसणारा तुकडा, आणि पिवळा लुकलुकणारा दिवा.

म्हणून पुढचा पुरेसा रस्ता दिसत नाही अशा जागी रस्त्याच्या मधोमध सलग रेघ मारतात. तुटक रेघ म्हणजे जमेल, सलग म्हणजे नाही. मला ही रेघ फार हुशार वाटते. ज्याने ती आखली त्याने तुमच्या वतीने आधीच तिथे उभं राहून बघून ठेवलेलं असतं. साईड देणारा माणूस निघून गेलाय, पण त्याचा होकार-नकार रंगात वाळवून ठेवलाय. आपण तिच्यावरून गाडी नेतो, कारण ती हॉर्न वाजवत नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. केंद्राच्या अहवालात त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. बाकी खाती म्हणजे दारू, चुकीची बाजू, सिग्नल तोडणं, मोबाइल आणि ‘इतर’. दिव्याचा अर्थ चुकला, असं खातं नाही. पोलिसांच्या कागदावर ‘भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे’ एवढं येतं. ही शब्दकळा तर मोटारीपेक्षाही जुनी आहे. बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दलचं २७९ कलम १८६० च्या दंड संहितेतलं, टांग्या-घोड्यांसाठी लिहिलेलं. ते २०२४ च्या जुलैपर्यंत ट्रकला लागत होतं, आता नव्या संहितेत २८१ झालं. वेग खोटा आहे असं मी म्हणत नाही. वेग जास्त होताच. पण ८० ने जाणारा माणूस त्या क्षणी उजवीकडे का घुसला, हे त्या खात्यातून कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावर कुणी काम करत नाही. जो घुसला त्याच्या घरच्यांना मात्र आयुष्यभर ‘भरधाव’ हा शब्द ऐकावा लागतो.

मग समृद्धी आला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी, ५२० किलोमीटर, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा उघडून पूर्ण ७०१. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आधी होता, पण विदर्भातल्या माणसाला समोरून कुणीच येणार नाही असा रस्ता इतका लांब पहिल्यांदाच मिळाला. जाणाऱ्यांना तीन लेन, येणाऱ्यांना तीन, कारला ताशी १२० ची मर्यादा. इथे साईड मागायची गरजच उरली नाही. ४७० मीटरचं गणित संपलं. आम्हा नागपूरकरांना वाटलं, सुटलो.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. २५ जण गेले. नागपूर, वर्धा, यवतमाळची माणसं, बरीचशी नोकरी-शिक्षणासाठी पुण्याला निघालेली. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने ती रात्रीची बस कधी ना कधी पकडलेली आहे. त्या सकाळी प्रत्येक घरात कुणीतरी कुणालातरी फोन करून ‘पोचलास का?’ विचारत होतं. त्यात समोरून कुणी आलेलं नव्हतं, साईडचा प्रश्न नव्हता. पुढे ‘हायवे हिप्नॉसिस’ हा शब्द वर्तमानपत्रांत रोज यायला लागला. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपलेला असतो. जुन्या रस्त्यावर माणूस दर दोन मिनिटांनी कुणाला तरी विचारत होता, सांगत होता, हात हलवत होता. त्या कटकटीने तो जागा राहायचा, हे मला पटतं. म्हणून जुना रस्ता बरा होता असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या रस्त्याने मारलेल्यांची गणतीच वेगळी.

आणि समृद्धीवरही साईडचा प्रश्न नव्या रूपात आलाच. उजवी लेन ओव्हरटेकसाठी. तिथे कुणीतरी ७० ने निवांत चाललेला असतो, कारण लहानपणापासून त्याने शिकलेलं असतं की मागच्याला हवं असेल तर तो मागेल. मागचा मागतो. पुढचा देत नाही. मग मागचा डावीकडून घुसतो, १२० ने, ट्रकच्या समोरून. ‘मागितल्याशिवाय द्यायची नाही’ ही पावणेचार मीटरच्या रस्त्यावरची शहाणी सवय सहापदरी रस्त्यावर जीवघेणी झाली.

आमच्या धंद्यातले लोक आता या प्रश्नात उतरलेत. २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्राची रस्ते संशोधन संस्था आणि नागपूर महापालिका असे सगळे त्यात होते. महापालिकेच्या बसच्या काचेवर कॅमेरा बसवला. पुढची गाडी फार जवळ आली, कुणी माणूस आडवा आला की तो चालकाला आवाज करून सांगतो. आणि अशा सूचना एकाच जागी वारंवार यायला लागल्या तर ती जागा अपघात व्हायच्या आधीच नकाशावर खुणावता येते. अपघात होऊन गेल्यावरचा ‘ब्लॅक स्पॉट’ नाही, त्याच्या आधीचा ‘ग्रे स्पॉट’. पत्र्यावर थाप मारणारा क्लिनर परत आला, असं मला वाटलं. फक्त आता तो काचेला चिकटलेला असतो.

याच हैदराबादच्या मंडळींनी त्याआधी, २०१८ मध्ये, भारतीय रस्त्यांच्या फोटोंचा एक मोठा संग्रह केला होता. गाडीला रस्ता ओळखायला शिकवायचा तर फोटोत काय रस्ता, काय फुटपाथ, काय भिंत हे हाताने रंगवून द्यावं लागतं. युरोपातल्या शहरांच्या अशा संग्रहांत रस्ता जिथे संपतो तिथे तो संपतो. आपल्याकडे संपत नाही. डांबर संपतं, मग माती असते, आणि तिच्यावरूनही लोक गाडी नेतात. कॉम्प्युटरला हे काय आहे म्हणून सांगायचं? रस्ता नाही, पण रस्त्यासारखं वापरता येतं. शेवटी त्यांना त्यासाठी वेगळं लेबल करावं लागलं: ‘ड्रायव्हेबल फॉलबॅक’. मी तो शोधनिबंध वाचताना एकटाच हसलो. उस्तादांना दाखवला असता तर त्यांनी एका शब्दात लेबल दिलं असतं. साईडपट्टी.

२०१७ च्या नियमावलीत ओव्हरटेक करणाऱ्याने स्वतः काय काय बघून खात्री करायची, यावर भर आहे. तेच बरोबर आहे. पुढचा माणूस तुमचा जामीन राहू शकत नाही. त्याला त्याच्या उंचीवरून जे दिसतं ते तुमच्या वेगाला पुरेल का, हे त्याला ठाऊक नसतं. ट्रकचा उजवा दिवा लुकलुकला तर त्याचा एकच अर्थ धरायचा, तो वळतोय. दहातल्या नऊ वेळा तो ‘ये’ म्हणत असेल, आणि नऊ वेळा तुमचं अर्धं मिनिट जाईल. हे मी मित्रांना सांगतो तेव्हा ते म्हणतात, मग चंद्रपूरला पोचायचं कधी? पोचतो आपण. फुटाळ्याला चहा प्यायला तास घालवणारी ही माणसं आहेत.

उस्ताद काकांना अलीकडे मी एक बातमी सांगितली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत इंजिनशेजारी बसून ज्यांनी गाडी चालवली त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. काका खूश झाले. “लय आधी व्हाले पायजे होतं,” म्हणाले. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. उजवा हात खुर्चीच्या बाहेर काढून त्यांनी सहज एकदा झुलवला.

“म्हणजे काच आता बंदच राहीन.”